तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा फोटो

१

फ्रेम जागेवर होती, काच जागेवर होती, खिळासुद्धा सरळ होता. फक्त आतली बाई गायब होती.

हॉटेलचे धाकटे मालक मला त्या रिकाम्या फ्रेमसमोर उभं करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. आता मी काहीतरी हुशारीचं बोलावं अशी त्यांची अपेक्षा असणार. मला मात्र बसायला खुर्ची हवी होती. त्यांचा फोन आला तेव्हा मी गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून पडलो होतो, आणि या वयात त्याहून बरं काही करण्यासारखं जगात उरलेलं नाही असं माझं ठाम मत आहे. पण पोलिसातून निवृत्त झालो तरी लोक मला फौजदारसाहेबच म्हणतात, आणि हरवलेली प्रत्येक गोष्ट मीच शोधायची असा त्यांचा समज आहे. मी नाही म्हणायला शिकलो नाही, हे माझ्या बायकोचं जुनं दुखणं.

शहराच्या ऐन मध्यावरचं हे हॉटेल भुताचं म्हणून प्रसिद्ध. दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं आणि परवा पुन्हा उघडायचं होतं. आत चुना आणि पॉलिशचा वास भरला होता. कुठेतरी कोणीतरी सतत लाकूड तासत होतं.

कथा मला ऐकून माहीत होती, पण मालकांनी ती पुन्हा सांगितली. सांगायला त्यांना आवडतं हे दिसतच होतं. तीसेक वर्षांपूर्वी एक जोडपं तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत उतरलं होतं. सकाळी नवरा खाली येऊन लॉबीत पेपर वाचत बसला. बायको मागून आवरून येणार होती, ती आलीच नाही. जिना आणि लिफ्ट दोन्ही नवऱ्याच्या डोळ्यांसमोर. शेवटी वर जाऊन पाहिलं तर खोली रिकामी, पलंग नीटनेटका, आणि चादरीच्या चारही कोपऱ्यांना गादीखाली घट्ट गाठी मारलेल्या. त्याच मजल्यावरच्या एका पाहुण्याने सांगितलं, की पांढऱ्या कपड्यातली एक बाई हातात पांढरं गाठोडं घेऊन पॅसेजच्या टोकाला गेली आणि भिंतीत विरून गेली. गाठोड्यात मेलेलं मूल होतं, हे लोकांनी पुढे पदरचं घातलं. तेव्हापासून ती खोली बंद होती.

"इतकी वर्षं आम्ही भूत लपवत होतो," मालक म्हणाले. "मी म्हटलं, लपवायचं कशाला? सरळ रिसेप्शनवर बसवू."

म्हणजे त्या बाईचा फोटो मोठा करून लॉबीत लावायचा, शेजारी तिची कथा लिहायची आणि उद्घाटनाला खुद्द तिच्या नवऱ्याला बोलवायचं. तो म्हातारा अजून ठणठणीत होता. फोटो त्यानेच दिला होता, आणि तो एकुलता एक. बाकीचे त्याने तेव्हाच दुःखाच्या भरात फाडून टाकले होते म्हणे. काल संध्याकाळी फोटो फ्रेम करून इथे टांगला, आज सकाळी तो मोठा करणारा माणूस आला आणि फ्रेम अशी मोकळी.

मोबाईलवर काढला नव्हता का, असं मी विचारलं. काढला होता, पण काचेवर फ्लॅश पडून त्यात मालकांचाच चेहरा आला होता. त्यांनी तो दाखवलाही. चेहरा चांगला आला होता.

"दिसायला कशी होती?"

"साधीच हो. वीस-बावीसची असेल. एक भुवई मधेच तुटलेली, तेवढं लक्षात राहिलं." मग ते कोरडेपणाने म्हणाले, "कामगार म्हणतात भुताने नेला. मी म्हणतो वॉचमनने विकला. संध्याकाळपर्यंत फोटो मिळाला नाही, तर त्याचं सामान बाहेर."

२

वॉचमन दाराशी स्टुलावर बसला होता. मागच्या आवारातल्या एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही जाणार, हे त्याच्या बसण्यातच दिसत होतं.

रात्री डोळा लागला होता का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "साहेब, नाही म्हटलं तर तुम्हाला पटणार नाही, आणि हो म्हटलं तर मालकांना चालणार नाही. काय सांगू?"

माणूस खरं बोलत होता. खोटं बोलणारा इतका अडचणीत सापडत नाही. बाहेरचं एकमेव कुलूप शाबूत होतं आणि किल्ली त्याच्या कमरेला. म्हणजे फ्रेममधून फोटो काढून नेणारा आतलाच. रात्री आत झोपणारी माणसं दोनच. एक मालकांच्या आत्याबाई, वय ऐंशीच्या पुढे, तळमजल्यावरच्या खोलीत राहणाऱ्या. दुसऱ्या लिननताई. चादरी, टॉवेल, पडदे, जे काही धुऊन घडी करायचं असतं ते सगळं त्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. शिवाय कंत्राटदार. तो काल उशिरापर्यंत वर होता आणि वॉचमननेच त्याला बाहेर सोडलं होतं.

"फोटो विकून मला काय मिळणार हो?" वॉचमन म्हणाला. "आपल्या घरात लावायला भुताचा फोटो कोण घेईल?"

मालकांना हा प्रश्न सुचला नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची घाई असली की असे प्रश्न सुचत नाहीत.

मी पुन्हा फ्रेमपाशी गेलो आणि खुर्ची ओढून बसलो. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढून पुन्हा बसवला होता, बारीक खिळे एकेक करून परत दाबले होते, आणि काच पुसलेली. खालच्या दगडी फरशीवर भिंत घासताना धूळ पडू नये म्हणून हॉटेलच्या जुन्या चादरी अंथरल्या होत्या. सगळ्या पिठाच्या गिरणीत लोळवून आणल्यासारख्या. मी आलो त्या वाटेवर माझे बूट स्वच्छ उमटले होते, मालकांच्या सपाता उमटल्या होत्या.

फ्रेमच्या खाली मात्र एकही पाऊल नव्हतं. तिथली चादर नुसती स्वच्छ नव्हती, तर नुकतीच घडी मोडून अंथरलेली होती. घडीच्या रेघा अजून उभ्या होत्या.

चोराने चोरी केली, वाटेत आपली पावलं पाहिली आणि चादर बदलून टाकली. बांधकामाच्या जागी, जिथे तासाभरात पुन्हा धुरळा बसणार होता तिथे. मी ते कोणाला बोललो नाही. माझा तो स्वभावच नाही, आणि शिवाय कंत्राटदार वरून हाका मारत होता.

३

कंत्राटदार माणूस तोंडाने फाटका. फोटो मला नकोच होता, असं त्याने मी न विचारताच सांगून टाकलं. फोटो लागल्यापासून त्याचे दोन पॉलिशवाले काम सोडून गेले होते. उद्घाटन परवा आणि तिसऱ्या मजल्यावर कोणी जायला तयार नाही, म्हणून तो स्वतः हातोडा घेऊन उभा होता.

"पण मी काढला असता ना साहेब, तर फ्रेमसकट उपटून गच्चीवरून टाकला असता. खिळे परत लावत बसायला माझ्याकडे वेळ आहे?"

हेही पटण्यासारखं होतं. नीटनेटकेपणाचा आरोप त्याच्यावर कोणीच केला नसता. त्याच्या शर्टाची बटणंसुद्धा एकेक घर चुकली होती.

पण त्याने मला वर बोलावलं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. पॅसेजच्या टोकाची भिंत त्याला सकाळपासून पोकळ लागत होती. मला ते दाखवायचं म्हणून त्याने पुन्हा हातोडा मारला. चुन्याचा एक मोठा पापुद्रा सुटला आणि आतून लाकूड दिसलं. मग त्याने घाम पुसत बाकीचं उकललं. ते एक अरुंद दार होतं. त्याला रंग हॉटेलच्या बाकी दारांसारखाच होता, कडीही तशीच. कोणीतरी त्यावर जाळी ठोकून गिलावा चढवला होता.

"अशी दारं नोकरांसाठी असतात," कंत्राटदार म्हणाला. "पाहुण्यांना मळके कपडे दिसायला नकोत ना."

मी त्या दाराकडे बघत उभा राहिलो. मला एकदम त्या जुन्या पाहुण्याची कीव आली. बिचाऱ्याने जे पाहिलं तेच सांगितलं होतं. एक बाई टोकाला गेली आणि दिसेनाशी झाली, एवढंच. तेव्हा तिथे भिंत नव्हतीच. भिंत मागाहून आली, आणि भूत तिच्या मागाहून. ज्यांनी दार पाहिलं होतं ती माणसं पांगली, काही मेली. नव्यांना फक्त भिंत दिसली, आणि भिंतीत शिरणारी बाई म्हटल्यावर तिला भूत करण्यावाचून इलाज काय?

दार ढकललं तर दगडी जिना खाली उतरत होता. भिंतीला टेकत टेकत, प्रत्येक पायरीला गुडघ्यांची समजूत घालत मी उतरलो. लिफ्ट चालू असताना. हात दाखवून अवलक्षण करून घेण्याची मला हौस आहे. जिन्याच्या तळाशी दुसरं एक दार होतं. ते मात्र कोणी बुजवलेलं नव्हतं, आणि आतून एका बाईचा शांत आवाज येत होता.

"घरच्यासारख्या गाठी मारायच्या नाहीत."

४

लिननताई नव्या दोन मुलींना पलंग करायला शिकवत होत्या. चादर झटकायची, चहूबाजूंनी सारखी सोडायची, कोपरा पाकिटासारखा दुमडायचा आणि गादीखाली सारायचा. गाठ मारली की वळकटी दिसते, पाहुण्याच्या पायाला टोचते. हॉटेलात गाठ मारणारी बाई दुसऱ्या दिवशी घरी. त्या हे न रागावता सांगत होत्या आणि हात आपोआप चालले होते.

मी बंद जिन्यातून आलेला पाहून मुली किंचाळायच्या बेतात होत्या. लिननताई फक्त थांबल्या. माझ्या मागच्या दाराकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि मुलींना चहाला पाठवलं.

पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगाने बारीक. नव्या गणवेशाच्या खाकी कपड्यांवर त्यांनी जुनाच पांढरा रुमाल बांधला होता, थेट भुवयांपर्यंत ओढून. खुंटीवर त्यांचा जुना गणवेश होता. पांढरा स्वच्छ, डोक्यापासून पायापर्यंत. इथल्या बायका आजवर तोच घालत असणार.

मी विचारलेल्या प्रश्नांची त्यांनी चार शब्दांत उत्तरं दिली. जुन्या चादरी कंत्राटदाराला मीच दिल्या. रात्री इथेच झोपले. नाही, काही ऐकलं नाही. भुतावर विश्वास आहे का? यावर त्या थोड्या हसल्या. इतकी वर्षं एका घरात राहून विश्वास कसा ठेवायचा, म्हणाल्या.

"फ्रेमखालची चादर तुम्ही बदललीत का?"

त्या हातातल्या उशीला अभ्रा चढवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मळलेली दिसली की बदलायची, साहेब. हाताला सवय असते."

आणि आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं. अभ्रा अर्धवट राहिला.

माझ्या गुडघ्यांनी मात्र भलती वेळ साधली. मी उभा राहू शकेना. त्यांनी पडदा बाजूला करून आपल्या स्वतःच्या खाटेवर मला बसवलं आणि पाणी आणायला गेल्या. मी वाकून पोटरी चोळत होतो. हात गादीखाली गेला तर बोटांना काहीतरी कठीण लागलं.

चादरीची गाठ होती. मी दुसरा कोपरा चाचपला, तिथेही. गाठी इतक्या घट्ट, की त्या नखाने सुटल्या नसत्या.

५

आत्याबाई खिडकीशी बसून लोकर गुंडाळत होत्या. मी आत शिरताच म्हणाल्या, "जिना सापडला म्हणे. या कंत्राटदाराच्या पोटात काही राहत नाही."

मी म्हटलं, "सापडला. आणि बाईही सापडली."

त्यांचे हात थांबले नाहीत. लोकरीचा गुंडा गरगरत राहिला. बाई मोठी पोचलेली. ताकास तूर लागू देणार नाही हे ओळखून मीच सांगायला लागलो, आणि खरं सांगतो, मला त्यात काही आनंद नव्हता. एरवी रहस्य सुटलं की अंगात जरा तरी ऊब येते. यावेळी वाटत होतं, न सापडतं तर बरं.

"तेव्हा हॉटेलचं सगळं कपड्यांचं खातं तुमच्याकडे होतं," मी म्हणालो. "पांढरा गणवेश तुमच्या कपाटातून गेला असणार. नवरा जिन्याशी बसला होता, पण तो आपल्या बायकोची वाट बघत होता, मोलकरणीकडे कोण बघतं? आणि तिला तर समोरच्या जिन्याने जावंही लागलं नाही. स्वतःचे कपडे दुसऱ्या एका चादरीत बांधले, गाठोडं उचललं आणि पॅसेजच्या टोकाच्या दाराने खाली. पोलिसांनी मागच्या जिन्याचं विचारलं असेलच."

"विचारलं ना," आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या धोब्याने छातीठोकपणे सांगितलं, आपल्या बायकांशिवाय कोणी गेलं नाही म्हणून. बिचारा खरं तेच बोलला."

मग त्यांनी गुंडा मांडीवर ठेवला. त्या सकाळी खोली आवरायला बाई आजारी म्हणून त्या स्वतः वर गेल्या होत्या. पाहतात तर पाहुणी बाईच पलंग करत होती, वाकून कोपऱ्याला गाठ मारत होती. आत्याबाई म्हणाल्या, अहो, हे आमचं काम. तर ती मुलगी घाबरून म्हणाली, नको, चादर सरकली तर ते चिडतात. तिची आधीच तुटलेली भुवई त्याच जागी पुन्हा फुटली होती, वर ओला रुमाल धरला होता. दाराची कडी लागली, म्हणाली.

"मी तिला विचारलं, खाली जायचंय का? ती नाही म्हणाली. मग कुठे जायचंय, तर तेही माहीत नाही. मी कपाटातून गणवेश काढला. तेवढंच केलं मी. बाकीचं तिने केलं."

"आणि दार?"

"तो महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मजल्यामजल्यावर फिरायचा, नोकरांना खोदून विचारायचा. दुःख वगैरे काही नव्हतं हो त्याला. आपल्या हातातून वस्तू सुटली याचा राग होता. मी दार बुजवलं आणि भूत उठवलं. लोक भुताबद्दल बोलायला लागले की माणसाबद्दल विचारायचं विसरतात. एवढी वर्षं त्या भुताने पहारा दिला, एकदा झोपलं नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं, जणू त्यामागे भाचाच उभा होता. "आता हा शहाणा त्याच माणसाला बोलावून आणतोय आणि तिचा चेहरा दरवाजाएवढा करून टांगतोय. मी नको म्हटलं तर म्हणतो, आत्या, तुला धंदा कळत नाही."

मी विचारलं, फोटो कुठे आहे. कपड्यांचे डाग काढायच्या सोड्याच्या पाण्यात, असं त्या म्हणाल्या. रात्रभर भिजत घातला, सकाळी नुसता पांढरा कागद उरला. फ्रेमच्या काचेवर हात लागले म्हणून तिने ती पुसलीसुद्धा.

"आता तुम्ही काय करणार, फौजदार?"

एका बाजूला वॉचमनचं सामान, दुसऱ्या बाजूला ही बाई. एकाचं नाव झाकायचं तर दुसऱ्याचं उघडं पडत होतं.

६

लिननताई आपल्या खोलीत माझी वाट पाहत होत्या. वॉचमनवर आळ आल्याचं त्यांना दुपारीच कळलं होतं आणि त्या मालकांकडे जाऊन कबुली द्यायला निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं. स्वतःचा फोटो घेणं ही चोरी होत नाही, म्हटलं, आणि सज्ञान बाईने नवरा सोडणं हा गुन्हा नाही. परवा तो येऊन जाईपर्यंत या खोलीतून बाहेर पडू नका म्हणजे झालं.

"तो मला ओळखेल?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही."

त्यांनी रुमाल भुवयांवर आणखी खाली ओढला. "बघू," म्हणाल्या.

मालकांना मी फ्रेमपाशी घेऊन गेलो. बाहेरचं कुलूप शाबूत आहे, म्हटलं. वॉचमनचा यात काडीचा संबंध नाही, त्याला ही जोखीम परवडणारी नाही. कंत्राटदाराने फ्रेमच फोडली असती. मग मी खालच्या चादरीकडे बोट दाखवलं. चारही बाजूंना धूळ, सगळ्यांची पावलं, आणि फ्रेमखाली एक ठसा नाही.

मालक वाकून बघत राहिले. हळूहळू त्यांच्या अंगावर काटा आलेला मला दिसला.

"मग नेला कोणी?"

"जिचा होता तिने," मी म्हणालो.

उभ्या नोकरीत मी वरिष्ठांना इतकं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं. मालकांचे डोळे विस्फारले आणि मग त्यांत धंदा चमकला. रिकामी फ्रेम तशीच लावायची असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मोठ्या फोटोपेक्षा हे भारी, म्हणाले. वॉचमनला त्यांनी बक्षीस द्यायचंही कबूल केलं, कारण आता तो साक्षीदार होता. वॉचमनने मात्र मला हळूच विचारलं, साहेब, मला नक्की काय दिसलं होतं? मी म्हटलं, तुझा डोळा लागला होता, तेवढंच सांग.

उद्घाटनाला मी जाणार नव्हतो. पण घरी बसवेना, म्हणून गेलो. लॉबी ओळखू येत नव्हती. दिवसाढवळ्या झुंबरं लावली होती, लोक रिकाम्या फ्रेमसमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढत होते. तिसऱ्या मजल्याची कोपऱ्यातली खोली आधीच भरली होती. आत्याबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या.

नवरा आला. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, केस अजून दाट. तो कॅमेऱ्यासमोर छान बोलला. ती साधी होती, भोळी होती, मी आजही तिची वाट पाहतो, असं म्हणताना त्याने डोळ्यांना रुमाल लावला आणि दोन-चार बायांनीही लावला. मला त्याचा फार संताप आला. पण मी म्हातारा, गुडघे धरून खुर्चीत बसलेला, आणि संतापाने पूर्वीही काही झालेलं नाही.

बोलणं झाल्यावर तो फ्रेमखालच्या कोचावर बसला. घसा कोरडा पडला असावा. इकडेतिकडे पाहून त्याने बोटं वाजवली.

"ए बाई, पाणी आण."

मी त्या दिशेने पाहिलं आणि खुर्चीतून अर्धा उठलो. समोरच्या मोठ्या जिन्यावरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, लिननताई खाली उतरत होत्या. हातात ट्रे होता. डोक्यावरचा रुमाल नव्हता. कपाळ उघडं, आणि तुटलेली भुवई झुंबराच्या उजेडात सगळ्यांना दिसेल अशी. आत्याबाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

त्या सरळ त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. वाकल्या नाहीत. ट्रे पुढे केला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. त्याने पेला उचलला, प्यायला, शेजारच्या माणसाशी बोलतबोलतच रिकामा पेला पुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. त्याने पेला हलवला.

"धर की," तो म्हणाला.

लिननताईंनी पेला घेतला. त्याने एकदाही वर बघितलं नाही. त्या वळल्या आणि त्याच जिन्याने, घाई न करता, वर गेल्या.

मी लिफ्टने वर गेलो, तिथून मागच्या जिन्याने खाली. दार उघडं होतं. त्या पलंगाशी उभ्या राहून हसत होत्या आणि रडतही होत्या, कुठलं कुठे संपतं ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी डोळे पुसले.

"एवढ्याला घाबरत होते मी," त्या म्हणाल्या. "एवढ्याला."

मग त्यांनी स्वतःच्या खाटेची गादी उचलली, खाली बसून एकेक गाठ सोडायला घेतली. जुन्या गाठी, दातांनी ओढाव्या लागल्या. चारी कोपरे सुटल्यावर त्यांनी चादर नुसतीच पसरली. दुमडली नाही, सारली नाही.

मी म्हटलं, "सरकेल ती अशी."

"सरकू दे," लिननताई म्हणाल्या, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या.